आतड्याचा अडथळा आणि एंडोमेट्रिओसिस : निदान कसे गाठायचे

पोट फुगलेले, उलट्या चालू, कालपासून गॅसही सरलेला नाही. स्त्रीचे वय पस्तीस-चाळीस, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा एकही व्रण नाही, हर्निया नाही. आतड्याच्या अडथळ्याची नेहमीची कारणे एकेक करून बाद होतात आणि केसपेपरवर ‘चिकटपणा असावा’ (आतड्याची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असावीत) किंवा ‘कॅन्सर नाकारता येत नाही’ एवढेच उरते. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, नाव पहिल्या तासातच यादीत यायला हवे. हे कारण दुर्मीळ आहे, हे खरे. आतड्याला एंडोमेट्रिओसिस झालेल्या स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणींत अडथळ्यापर्यंत मजल जाते. पण निदान हुकते ते केवळ दुर्मीळपणामुळे नव्हे. हा आजार आतड्याच्या भिंतीत बाहेरून आत शिरतो आणि दुर्बीण, बायोप्सी यांसारख्या आपल्या भरवशाच्या तपासण्या भिंत आतून पाहतात. हे ध्यानात ठेवले की पुढच्या प्रत्येक रिपोर्टचा अर्थ लावणे सोपे जाते.

पुढील माहिती प्रामुख्याने आपत्कालीन, शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. कुणाला स्वतःलाच अशी लक्षणे असतील, तर वाचत बसू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व गॅस दोन्ही बंद असतील तर थेट रुग्णालय गाठावे.

भिंतीत काय घडते

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती आधी आतड्याच्या बाह्य आवरणावर, म्हणजे सेरोसावर रुजते आणि तिथून स्नायूंच्या थरात उतरते. दर पाळीला तिथे दाह होतो, थोडा रक्तस्राव होतो. त्यावर तंतुमय ऊती साठत जाते, स्नायूही जाड होतात. भिंत आखडते, आत ओढली जाते आणि मार्ग अरुंद होतो. आतले अस्तर, म्हणजे म्युकोसा, बहुतेक वेळा शाबूत राहते. पूर्ण जाडीची गाठ असली तरी त्यावरचा म्युकोसा चांगला गुळगुळीत दिसू शकतो.

सर्वाधिक गाठी गुदाशय आणि त्याच्या लगेच वरच्या मोठ्या आतड्यात, म्हणजे सिग्मॉइडमध्ये सापडतात. त्याखालोखाल अपेंडिक्स, इलियमचा (लहान आतड्याच्या खालच्या भागाचा) शेवटचा भाग आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात). गुदाशयाची पोकळी प्रशस्त असल्यामुळे तिथली मोठी गाठही बराच काळ वाट पूर्ण अडवत नाही. इलियमचे तसे नाही. तिथे लहानशी गाठही आतड्याला मुरड पाडते, शेजारचे वेटोळे चिकटवून घेते आणि रुग्ण थेट तीव्र अडथळा घेऊनच येतो. क्वचित ही गाठच पुढे ओढली जाऊन आतड्यात आतडे शिरते.

पहिले काही तास : कारण मागून, जीव आधी

कारण कोणतेही असो, सुरुवात एकच. तोंडाने काही द्यायचे नाही, नाकातून जठरापर्यंत नळी (रायल्स ट्यूब) घालून पोट रिकामे करायचे, सलाईन सुरू करायचे, लघवीची नळी घालून ताशी किमान ०.५ मिली प्रति किलो लघवी होते आहे ना हे पाहायचे. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (दाहाची खूण), लॅक्टेट (ऊतीला रक्त कमी पडले की वाढते) यांसाठी रक्त पाठवायचे. पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भधारणा चाचणी सीटी स्कॅनच्या आधी झाली पाहिजे, नसबंदी झालेली असली तरी. एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ असाच पोटदुखीच्या गर्दीत लपतो.

थांबून थांबून येणारी कळ अखंड दुखण्यात बदलली, ताप आला, नाडी उतरेना, पोट लाकडासारखे कडक झाले किंवा लॅक्टेट चढू लागले, तर आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात आहे असे समजून शस्त्रक्रियेची तयारी करा. लॅक्टेट नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ते उशिरा चढते. अशा रुग्णात एंडोमेट्रिओसिस सिद्ध करण्यासाठी एमआरआयची वाट पाहणे ही घोडचूक आहे. निदान शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि नंतर सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर होईल.

मोठ्या आतड्याचा अडथळा असेल आणि लहान आणि मोठ्या आतड्यांमधली इलियोसीकल झडप घट्ट असेल, तर दाब मागे निसटायला जागाच नसते. रायल्स ट्यूबमधून फारसे काही निघत नाही आणि तरीही सीकम फुगत जाते. सीकमचा व्यास ९ सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचे. १२च्या पुढे फुटण्याची भीती खरी असते.

विचारायचे काय, आणि कसे

या आजाराची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे कॅलेंडर, आणि तीच सर्वात कमी वेळा होते. शस्त्रक्रिया विभागाच्या केसपेपरवर पाळीच्या रकान्यात ‘नियमित’ एवढाच शब्द असतो. तेवढ्याने भागत नाही. कागद घ्या, मागच्या किमान तीन पाळ्यांच्या तारखा लिहा आणि शेजारी पोटदुखीचे, उलट्यांचे, बद्धकोष्ठाचे दिवस मांडा. दर वेळी त्रास पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होऊन पाळी संपता संपता ओसरतो का, ते पाहा.

प्रश्न थेट आणि साध्या भाषेत हवेत. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आतून दुखते का? तेव्हा बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात का? शौचातून रक्त पाळीच्याच दिवसांत जाते का? संबंधाच्या वेळी खोलवर दुखते का? मूल राहायला अडचण आली होती का? अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ (एंडोमेट्रिओसिसमुळे जुने रक्त साचलेली गाठ) असल्याचे कधी कुणी सांगितले होते का? पाळीच्या गोळ्या किंवा हार्मोनची इंजेक्शने चालू आहेत का, अलीकडे बंद केली का? हे प्रश्न वॉर्डात सासू, नवरा आणि चार नातेवाईक उभे असताना विचारले तर सगळ्या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ येते. पडदा ओढा, लोकांना बाहेर पाठवा आणि मग विचारा.

उत्तरांच्या बाबतीत तीन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, दुखणे पाळीशी जुळत नाही म्हणून आजार नाकारला जातो. तंतुमय ऊती वाढून मार्ग कायमचा अरुंद झाला की त्रास महिनाभर राहतो; पूर्वी तो पाळीपुरता होता का, हे वेगळे विचारावे लागते. दुसरी, गर्भाशय काढलेले आहे किंवा पाळी गेलेली आहे म्हणून विषय बंद होतो. गर्भाशय काढले तरी अंडाशय शिल्लक असू शकतात, आणि पाळी गेल्यावर घेतलेले इस्ट्रोजेन किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचे औषध) जुन्या गाठींना जागते ठेवू शकते.

तिसरी फसगत सगळ्यात महागात पडते. अपुरा अडथळा असेल तर दोन दिवस सलाईन, रायल्स ट्यूब आणि उपाशी ठेवणे एवढ्यावर पोट मोकळे होते. त्याच सुमारास पाळीही संपलेली असते, दाह उतरतो, सूज कमी होते. रुग्णाला बरे वाटते, डॉक्टरला उपचार लागू पडल्याचे समाधान मिळते आणि ‘सबॅक्यूट अडथळा, चिकटपणा’ असे लिहून घरी पाठवले जाते. महिन्या-दोन महिन्यांनी तीच स्त्री वेगळ्या दवाखान्यात तशीच दाखल होते. आधी कधीही पोटाची शस्त्रक्रिया झालेली नसताना ‘चिकटपणा’ हे कारण लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करा. तो चिकटपणा आला कुठून, याचे उत्तर कागदावर असायला हवे.

हाताने तपासताना योनिमार्गातून मागच्या बाजूला, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत टणक, दुखऱ्या गाठी लागतात का, गर्भाशय मागे वळून जखडले आहे का, हे पाहा. गुदद्वारातून बोट घातल्यावर गाठ लागते पण तिच्यावरचा म्युकोसा सरकतो, गुळगुळीत असतो. कॅन्सरमध्ये सहसा खरखरीत, व्रण पडलेला पृष्ठभाग लागतो. हाताला काही सापडले नाही म्हणून आजार नाही असे मात्र ठरत नाही. इलियमची गाठ बोटाच्या टप्प्यात येतच नाही.

प्रतिमा तपासण्या

साधा एक्स-रे अडथळा आहे का एवढे सांगतो. लहान आतडे ३, मोठे ६ आणि सीकम ९ सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर ते फुगलेले धरतात. कारणासाठी पोटाचा आणि ओटीपोटाचा सीटी, शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत उठून दिसणारे द्रव्य) देऊन. जोरदार अडथळ्यात तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजायची गरज नसते, आत साचलेला द्रवच पुरेसा असतो. पाजल्यास उलटी होऊन फुफ्फुसात जाण्याची भीती वाढते.

सीटीवर फुगलेले आणि आकसलेले आतडे जिथे मिळते ती जागा शोधा. तिथली भिंत सगळीकडून सारखी जाड आहे की एकाच बाजूला? एंडोमेट्रिओसिसची गाठ सहसा बाहेरच्या अंगाला, मेसेंटरीच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूला, एकांगी असते. भिंत तिथे आत खेचल्यासारखी दिसते आणि आतली म्युकोसाची रेषा अखंड राहते. मग नजर आजूबाजूला फिरवा : अंडाशयांत सिस्ट आहेत का, दोन्ही अंडाशय गर्भाशयामागे एकमेकांना चिकटले आहेत का, मूत्रनलिका फुगली आहे का, अपेंडिक्स जाड आहे का. यातले एखादे चिन्ह मिळाले तर संशय बळावतो. पण सीटीवरून कॅन्सर आणि एंडोमेट्रिओसिस ठामपणे वेगळे करता येत नाहीत, हे मनाशी पक्के असू द्या.

तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहिता याने रिपोर्ट बदलतो. ‘पोटदुखी, अडथळा?’ असे लिहिले तर रेडिओलॉजिस्ट चिकटपणा, हर्निया आणि ट्यूमर शोधेल. ‘पाळीच्या दिवसांत वाढणारी पोटदुखी, शौचाला त्रास, शस्त्रक्रिया झालेली नाही, एंडोमेट्रिओसिसचा संशय, शेवटची पाळी अमुक तारखेला’ असे लिहिले तर तोच डोळा इलियमच्या बाहेरच्या काठावर थांबेल.

रुग्ण स्थिर झाला, अडथळा अपुरा आहे, वेळ हाताशी आहे, तेव्हाच पुढच्या दोन तपासण्या. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी अनुभवी हातात गुदाशय आणि सिग्मॉइडच्या खालच्या भागासाठी फार चांगली आहे. आतड्याच्या स्नायूंच्या थरात काळसर, अनियमित कडांची गाठ दिसते. प्रोबने हलका दाब दिला की गुदाशय गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवरून सहज सरकायला हवा. सरकत नसेल तर मागची जागा चिकटून बंद झाली आहे. २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या सोनोग्राफीची पायऱ्यांची पद्धत ठरवून दिली आहे, तिच्या क्रमाने केली तर काही राहून जात नाही. मर्यादा एकच, पण मोठी : प्रोबची नजर सिग्मॉइडच्या वर पोचत नाही. त्याच बैठकीत पोटावरून दोन्ही मूत्रपिंडे पाहा. मूत्रनलिकेवर दाब येऊन एक मूत्रपिंड आवाज न करता निकामी होऊ शकते.

एमआरआयमध्ये चरबीचा सिग्नल न दाबलेल्या टी-२ प्रतिमा तीन दिशांनी आणि चरबी दाबलेल्या टी-१ प्रतिमा मागवा. आतड्याच्या हालचालीने चित्र पुसट होऊ नये म्हणून हायोसिन ब्यूटिलब्रोमाइडसारखे औषध देतात. टी-२वर गाठ गडद दिसते. गुदाशय-सिग्मॉइडमध्ये तिचा आकार अळंबीच्या छत्रीसारखा असतो : जाड झालेला स्नायूंचा थर काळा, आणि त्यावर सुजलेल्या म्युकोसाची उजळ टोपी. ही खूण स्पष्ट दिसली तर गाठ भिंतीत खोल गेली आहे हे नक्की. टी-१वर रक्ताचे उजळ ठिपके दिसले तर उत्तम, नाही दिसले तरी निदान बाद होत नाही; जुन्या तंतुमय गाठींत रक्त फारसे नसते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त ओटीपोटाचा एमआरआय मागवणे. इलियम आणि सीकम चौकटीच्या बाहेर राहतात आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. गुदाशयात गाठ सापडलेल्या स्त्रीला उजव्या बाजूलाही गाठ असू शकते, म्हणून तिकडे पाहिलेच पाहिजे. त्यासाठी एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) चांगली, पण तिला एक ते दीड लिटर द्रव प्यावा लागतो. अडथळा सुटलेला नसताना ही तपासणी करू नका.

पाण्यात विरघळणाऱ्या कॉन्ट्रास्टबद्दल दोन शब्द. पोट आधी पूर्ण रिकामे करून रायल्स ट्यूबमधून १०० मिली देतात आणि ८ व २४ तासांनी एक्स-रे काढतात. २४ तासांत ते मोठ्या आतड्यात उतरले तर शस्त्रक्रिया लगेच लागणार नाही असा अंदाज बांधता येतो. कारण काय, हे त्यातून कळत नाही. मिळालेला वेळ एमआरआयसाठी वापरा.

रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन बऱ्याच जणींत वाढलेले असते, पण अंडाशयाचा कॅन्सर, पोटाचा क्षयरोग, नुसती पाळी, यांतही ते वाढते. त्यावर निदान उभे करू नका. सीईए हे रक्तातले दुसरे प्रथिन वाढलेले असेल तर कॅन्सरचा संशय गडद होतो; नॉर्मल असेल तर फार काही सिद्ध होत नाही.

दुर्बीण आणि बायोप्सी

अडथळा असताना कोलोनोस्कोपीची नेहमीची जुलाबाची तयारी देणे धोक्याचे आहे. बंद नळीत वरून तीन-चार लिटर पाणी ओतल्यावर काय होईल? डाव्या बाजूचा संशय असेल तर फक्त एनिमा देऊन, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आणि तोही बेताने वापरत, लवचीक सिग्मॉइडोस्कोपी करा.

दिसते काय? बाहेरून दाबल्यासारखा अरुंद भाग, तीव्र वाकलेला कोन, सुरकुतलेला किंवा लालसर पण अखंड म्युकोसा. कधी कधी गाठ आत फुगते, ठिसूळ दिसते आणि हुबेहूब कॅन्सर वाटतो. बायोप्सीचा चिमटा म्युकोसाच उचलतो. आजार त्याखाली स्नायूत असतो. म्हणून ‘सौम्य दाह, कॅन्सर नाही’ हा निकाल दोन्ही बाजूंनी अपुरा आहे. तो एंडोमेट्रिओसिस नाकारत नाही आणि अरुंद भागाच्या खोलीतला कॅन्सरही नाकारत नाही. एकाच जागी चिमट्यावर चिमटा घेत खोल तुकडे घ्या. गुदाशयाजवळची गाठ असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडखाली सुईने नमुना घेता येतो. दुर्बीण पुढे जात नसेल तर उलटे सिद्ध होईपर्यंत तो भाग कॅन्सरचाच समजून वागायचे.

इलियमच्या बाबतीत क्रोन (आतड्याचा दीर्घकालीन दाह) आणि क्षयरोग यांच्याशी गल्लत होते. क्रोनमध्ये म्युकोसावर व्रण असतात, आजार मेसेंटरीच्या बाजूने जास्त असतो, शौचातले कॅलप्रोटेक्टिन हे दाह दाखवणारे प्रथिन सहसा वाढलेले असते. क्षयरोगात इलियोसीकल झडप उघडी पडते, सीकम आखडते, आडवे व्रण दिसतात आणि तुकड्यात ग्रॅन्युलोमा (दाहपेशींचे पुंजके) मिळतात. खरी कसोटी लहान आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीची). तोही इलियमला मुरड पाडतो आणि भोवती तंतुमय ऊती ओढतो. मेसेंटरीत कॅल्शियमचे ठिपके असलेला गोळा दिसला तर तिकडे वळा. ठोस कारण न सापडता स्टेरॉइड किंवा क्षयरोगाची औषधे ‘पाहू या’ म्हणून सुरू करण्याचा मोह टाळा. महिने जातात आणि आतडे तसेच राहते.

हार्मोनचेही तसेच. गोळ्यांनी दुखणे कमी झाले तर संशयाला आधार मिळतो, पण घट्ट झालेली तंतुमय भिंत त्यांनी सैल होत नाही. अडथळा असताना हार्मोनचा प्रयोग हा निदानाचा मार्ग नव्हे.

टेबलावर आणि स्लाइडवर

मानवी प्रजननावर काम करणाऱ्या युरोपातील ईशरे या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी लॅप्रोस्कोपी हीच अंतिम कसोटी मानणे सोडले आहे. प्रतिमा तपासणीला मान मिळाला आहे. अडथळ्यात मात्र पोट उघडावे किंवा दुर्बीण घालावी लागतेच. आतडी खूप फुगलेली असतील तर पहिला पोर्ट उघड्या पद्धतीने, डोळ्यांसमोर घाला.

अडलेली जागा सापडली की तिथेच थांबू नका. ओटीपोट, गर्भाशयामागची जागा, दोन्ही अंडाशय, अपेंडिक्स, सीकम पाहा आणि लहान आतडे टोकापासून टोकापर्यंत हातात घेऊन तपासा. पांढरट, सुरकुतलेली, टणक गाठ आणि भोवती तपकिरी-निळसर ठिपके दिसले तर ओळख पटते. शक्य असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तिथेच बोलवा, फोटो काढून ठेवा. कॅन्सर नक्की बाद झालेला नसेल तर तो भाग मेसेंटरीसह कॅन्सरच्याच नियमांनी काढा. फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणे) उपयोगी पडते, पण चुकीच्या जागेचा तुकडा गेला तर फसवते.

काढलेला भाग लांबीला उभा चिरला की चित्र उलगडते. आतून म्युकोसा जवळजवळ निरोगी, फक्त एका ठिकाणी आत ओढलेला. आणि कापलेल्या काठावर स्नायूंचा जाड, राखाडी-पांढरा पट्टा, त्यात कुठे कुठे तपकिरी ठिपके. तुकडे भिंतीच्या पूर्ण जाडीचे आणि गाठीच्या मध्यातून घ्यायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली एंडोमेट्रियमच्या ग्रंथी, तिची स्ट्रोमा (ग्रंथींभोवतीची आधार देणारी ऊती) आणि लोहयुक्त रंगद्रव्य भरलेल्या मॅक्रोफेज पेशी, या तिन्हींपैकी दोन मिळाल्या की निदान पक्के धरतात. शंका उरली तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखणे) : ग्रंथींत सीके-७, इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पॅक्स-८ पॉझिटिव्ह, सीके-२० आणि सीडीएक्स-२ निगेटिव्ह, स्ट्रोमात सीडी-१० पॉझिटिव्ह. मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये सीके-२० आणि सीडीएक्स-२ सहसा पॉझिटिव्ह असतात. लसिकाग्रंथींत एंडोमेट्रियमच्या ग्रंथी सापडल्या तर दचकू नका; एंडोमेट्रिओसिसमध्ये तसे होते आणि ते कॅन्सर पसरल्याचे लक्षण नाही.

पॅथॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू हार्मोनची नावे लिहा. प्रोजेस्टिन हे हार्मोन घेणाऱ्या स्त्रीत ग्रंथी आकसतात, स्ट्रोमाचे रूप बदलते आणि माहिती नसेल तर वाचणारा गोंधळतो. ग्रंथींच्या पेशी विचित्र दिसत असतील, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रीत, तर आणखी तुकडे बघायला सांगा, कारण क्वचित याच ऊतीत कॅन्सर उपजतो.

निदान झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर ‘आतड्याचा भाग काढला’ एवढ्यावर भागवू नका. कोणत्या भागात, किती सेंटीमीटर, कडा मोकळ्या होत्या की नाही, ओटीपोटात आणखी कुठे गाठी दिसल्या आणि त्या काढल्या की ठेवल्या, दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी कधी झाली, हे सगळे लिहा. #एन्झियन वर्गीकरण (एंडोमेट्रिओसिसच्या गाठींची जागा आणि आकार नोंदवण्याची पद्धत) वापरत असाल तर गुदाशयाच्या गाठी ‘सी’ रकान्यात आकाराप्रमाणे (१ सेंटीमीटरपर्यंत, १ ते ३, ३च्या पुढे) आणि वरच्या आतड्यातल्या ‘एफआय’मध्ये नोंदवा. फोटो आणि स्लाइडचा क्रमांक रुग्णाच्या हाती द्या, आणि हार्मोनचे पुढचे उपचार ठरवायला तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तारीख घेऊनच पाठवा.